कुत्रा, मेंढी, डुक्कर आणि मामूंची सलाईन

मे 2021. कोरोनातून उठून मामूंना जेमतेम बारा दिवस झाले होते. साखर वाढलेली, स्टेरॉइड चालू. एका सकाळी डावा गाल बधिर झाला, नाकातून काळपट पाणी आलं. भोकरदनच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि एकच वाक्य बोलले, "वेळ घालवू नका, शहरात न्या." काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. त्या दिवसांत मराठवाड्यातल्या कुठल्या घराला हा शब्द नवा राहिला होता?

औषधाचं नाव होतं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी. देशभर त्याचा तुटवडा. भावांनी कुठून कुठून कुप्या जमवल्या, ती कहाणी वेगळी. शेवटी रात्री अकराला पहिली बाटली लागली. अम्मी दरवाजाबाहेर तस्बीह घेऊन बसलेली. पाचच मिनिटांत मामूंचा चेहरा लालबुंद झाला, छाती आवळली, पाठीत कळ आली, श्वास लागेना. नर्सनं धावत येऊन बाटली बंद केली, एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मामू शांत झाले. तासाभरानं तीच बाटली अगदी थेंब थेंब सोडली, आणि या वेळी काहीच झालं नाही. पुढचे तीन आठवडे रोज तेच औषध गेलं. मामू वाचले. एक डोळा गेला, पण वाचले.

त्या रात्री नात्यातल्या एकानं बाहेर येऊन सांगितलं, "औषध खोटं असेल." दुसरा म्हणाला, "मामूंना ॲलर्जी आहे, उद्यापासून देऊ नका." दोघंही चुकले होते. पण बरोबर काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या मनात एक साधा प्रश्न राहिला. ॲलर्जी व्हायला शरीरानं ती वस्तू आधी कधी तरी पाहिलेली असावी लागते, असं आपण शाळेत शिकलो. मामूंच्या शरीरानं हे औषध जन्मात पाहिलं नव्हतं. मग पहिल्याच थेंबांना एवढा कहर का? आणि दुसऱ्या खेपेला तेच शरीर गप्प का बसलं?

या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा वाटेत एक गुलाब, एक कुत्रा, निजामाचा खजिना, काही मेंढ्या आणि शेवटी एक डुक्कर भेटलं. ती गोष्ट आज सांगतो.

गुलाबाचा वास आणि शेखचा इशारा

एखादी निरुपद्रवी वस्तू एखाद्यालाच बाधते, हे हकिमांना फार पूर्वी दिसलं होतं. रय शहरचा अबू बक्र अर-राझी हा नवव्या-दहाव्या शतकातला हकीम. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला वसंतात गुलाब फुलले की सर्दी जडायची. राझीनं त्यावर एक स्वतंत्र छोटा ग्रंथच लिहिला. याच राझीनं पाऱ्याचा परिणाम पाहायला घरच्या एका माकडाला पारा पाजल्याचं नोंदवलं आहे. म्हणजे माणसाच्या आधी जनावरावर पाहावं, ही कल्पनाही जुनीच.

पण त्यानंतर शंभर वर्षांनी इब्न सीनानं 'अल-कानून'मध्ये औषधांची पारख कशी करावी याचे नियम दिले, आणि त्यांत एक इशारा घालून ठेवला. पारख माणसाच्या शरीरावर व्हायला हवी. सिंहावर किंवा घोड्यावर जे दिसलं, ते माणसाला लागू पडेलच असं नाही. आज हजार वर्षांनीही प्रयोगशाळांमध्ये चाललेला वाद याच इशाऱ्याभोवती फिरतो.

नेपच्यून नावाचा कुत्रा

1901 साली मोनॅकोचा राजा पहिला आल्बर्ट आपल्या जहाजावर दोन फ्रेंच शास्त्रज्ञांना घेऊन समुद्रात निघाला. पॉल पोर्तिए आणि शार्ल रिशे. समुद्रातल्या डंख मारणाऱ्या जिवांचं विष त्यांना अभ्यासायचं होतं. पॅरिसला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचायला घेतलं. कल्पना अशी की थोडं थोडं विष देत गेलं तर शरीर सरावेल, जसं लसीनं सरावतं.

नेपच्यून हा त्यांतला एक धट्टाकट्टा कुत्रा. पहिली मात्रा त्यानं सहज पचवली. बावीस दिवसांनी तेवढीच मात्रा पुन्हा दिली आणि काही सेकंदांत त्याला धाप लागली, रक्ताची उलटी झाली. पंचवीस मिनिटांत तो मेला. शरीर सरावण्याऐवजी भडकलं होतं. संरक्षणाच्या उलट म्हणून रिशेनं या प्रकाराला 'ॲनाफिलॅक्सिस' नाव दिलं. 1913 सालचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

मग जगभर गिनीपिग, ससे, कुत्रे यांच्यावर हेच प्रयोग सुरू झाले आणि एक विचित्र गोष्ट कळली. झटका एकच, पण प्रत्येक प्राणी वेगळ्या अवयवानं मरतो. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळतात. सशाच्या फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात. कुत्र्याचं रक्त यकृतात तुंबून राहतं. तेव्हा "प्राण्यावर तपासलं" एवढं म्हणणं पुरेसं नाही. कोणत्या प्राण्यावर, हे आधी विचारावं लागतं.

निजामाचे हजार पौंड

नेपच्यूनच्या आधी तेरा-चौदा वर्षं हाच प्रश्न आपल्या दारात येऊन गेला होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, औरंगाबाद जिल्ह्यात. राजधानी हैदराबादेत एडवर्ड लॉरी नावाचा रेसिडेन्सी सर्जन वैद्यकीय शाळा चालवत होता. त्या काळी शस्त्रक्रियेला क्लोरोफॉर्म हुंगवत. 1847 मध्ये ते वापरात आलं, आणि 1848 च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचं नख काढताना त्यानं दगावली. तेव्हापासून भांडण सुरू होतं. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की आधी हृदय?

लॉरीचं ठाम मत होतं की श्वास आधी थांबतो, म्हणून भूल देणाऱ्यानं फक्त श्वासावर नजर ठेवावी. 1888 मध्ये त्यानं हैदराबादेत आयोग नेमून कुत्र्यांवर प्रयोग करवले. निष्कर्ष त्याच्या मताचाच निघाला. लंडनच्या 'लॅन्सेट'नं शंका काढली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक हजार पौंड देऊ केले, 'लॅन्सेट'नं आपला माणूस पाठवून खात्री करून घ्यावी म्हणून. त्या खजिन्यात जालना-भोकरदनच्या शेतसाऱ्याचाही वाटा होताच. 1889 मध्ये लॉडर ब्रंटन हा नामांकित औषधशास्त्रज्ञ हैदराबादेत आला. कुत्री, माकडं, शेळ्या, घोडे, मांजरं, ससे अशा शेकडो जनावरांवर प्रयोग झाले. हैदराबादेत शिकलेल्या आणि भूल देणाऱ्या पहिल्या स्त्री-डॉक्टरांत गणल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी याच काळात लॉरीच्या हाताखाली घडल्या. ब्रंटन इंग्लंडहून निघताना विरुद्ध मताचा होता. प्रयोग पाहून तो लॉरीच्या बाजूला झाला.

प्रश्न सुटला असं वाटलं. पण भूलेच्या टेबलावरची माणसं मरतच राहिली, आणि बऱ्याचदा नाडी आधी जायची. 1911 मध्ये गुडमन लेव्ही या इंग्रज डॉक्टरनं मांजरांवर दाखवलं की भूल हलकी असताना शरीरात ॲड्रेनलिन उसळलं, तर हृदय थरथरून अचानक थांबू शकतं. भरपूर क्लोरोफॉर्म दिल्यावर काय होतं, ते हैदराबादच्या जनावरांनी खरं सांगितलं होतं. अर्धवट गुंगीत भ्यालेल्या माणसाला काय होतं, हा प्रश्न त्यांना कोणी नीट विचारलाच नव्हता. जनावरांची साक्ष खोटी नव्हती, पण अपुरी होती. त्या अपुऱ्या साक्षीवर पूर्ण विश्वास टाकला गेला.

चरबीचा फुगा

आता मामूंच्या बाटलीकडे वळू. ॲम्फोटेरिसिन बी हे बुरशीवरचं 1950 च्या दशकातलं औषध. गुणकारी, पण मूत्रपिंडाला जबर. थंडी-ताप भरवणारं. 1960 च्या दशकात केंब्रिजजवळच्या बॅब्रॅहममध्ये ॲलेक बँगहॅम यांना दिसलं की पेशींच्या आवरणातली चरबी पाण्यात टाकली की तिचे आपोआप बारीक फुगे होतात. यांनाच लायपोसोम म्हणतात. या फुग्यात औषध भरलं तर ते हवं तिथे पोचेल आणि मूत्रपिंड वाचेल, ही पुढची कल्पना. फुगा किती बारीक? मामूंना दिलेल्या प्रकारच्या औषधात शंभर नॅनोमीटरहून कमी. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे जवळपास हजार फुगे ओळीनं मावतील. नॅनो-औषध म्हणतात ते हेच.

यात महाराष्ट्राचा हातभार मोठा आहे, आणि तो आपल्याला फारसा माहीत नाही. परदेशी औषधाची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेर, म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. बच्छावत यांच्या गटाबरोबर देशी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन घडवलं. ते 'फंगिसोम' नावानं बाजारात आलं.

पण या फुग्यांची एक खोड निघाली. काही रुग्णांना पहिल्याच बाटलीच्या पहिल्या काही मिनिटांत छाती आवळणं, धाप, पाठदुखी, चेहरा लाल होणं असा त्रास होई. बाटली थांबवली की बहुतेकांचा त्रास जाई. कर्करोगावरचं 'डॉक्सिल' हे असंच फुग्यात भरलेलं औषध. अमेरिकेत त्याला 1995 मध्ये मान्यता मिळाली, आणि तिथेही तोच अनुभव आला. नेपच्यूनच्या नियमात हे बसत नव्हतं. इथे पहिली भेटच महाग पडत होती, दुसरी सोपी जात होती.

मेंढी आधी, डुक्कर नंतर

उंदरांवर तर हे औषध तपासलेलं होतं. उंदरांनी का नाही सांगितलं? कारण उंदीर या बाबतीत फार सोशिक. त्यांच्यात असा त्रास दिसायला कितीतरी पट मोठी मात्रा लागते. 1988 मध्ये अमेरिकेत मेंढ्यांना लायपोसोम टोचले तेव्हा फुप्फुसातला रक्तदाब झपाट्यानं चढलेला दिसला. मग 1990 च्या दशकात यानोश सेबेनी या हंगेरियन शास्त्रज्ञानं अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत डुकरांवर प्रयोग केले. 1999 मध्ये ते प्रसिद्ध झाले. अगदी किरकोळ मात्रा पुरे होई. काही मिनिटांत डुकराच्या फुप्फुसातला दाब वाढे, शरीराचा रक्तदाब कोसळे. मामूंना झालं त्याचं हे जणू मोठं केलेलं चित्रच.

सेबेनींचा खुलासा असा. आपल्या रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाच्या प्रथिनांची एक पहारेकरी फौज सदैव फिरत असते. तिला आधीची ओळख लागत नाही. जंतूच्या आकाराचं, जंतूसारख्या आवरणाचं काही दिसलं की ती हल्ला चढवते. चरबीचा फुगा तिला जंतूच वाटतो. हल्ल्यातून निघालेले तुकडे इतर पेशींना चेतवतात, रक्तवाहिन्या आवळतात. ही खरी ॲलर्जी नव्हे. आधीच्या ओळखीशिवाय येणारी ही खोटी ॲलर्जी. डॉक्सिलसारख्या औषधानं पहिल्या झटक्यानंतर डुक्कर काही काळ शांत राहतं, हेही त्यांना दिसलं. मामूंची दुसरी खेप निभावली त्यामागे असंच काही असावं. शिवाय थेंब थेंब गेल्यानं पहारेकऱ्यांपुढे एकदम गर्दी झाली नाही, हेही आहेच.

इथे वाद उभा राहिला. डुक्कर, मेंढी, शेळी, गाय, घोडा यांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांना खास भक्षक पेशी चिकटून बसलेल्या असतात. येणारा प्रत्येक कण त्या गिळतात आणि गिळताना रक्तवाहिन्या आवळणारी रसायनं सोडतात. उंदरात त्या नसतात. निरोगी माणसातही नसतात. मोईन मोघिमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलं, मग डुकराचा झटका माणसाला कसा लागू करता? 2017 मध्ये त्यांच्या गटानं डुकरांवरच दाखवलं की कणांचा आकार गोल न ठेवता लांबुळका केला, किंवा ते कण लाल रक्तपेशींना चिकटवून पाठवले, तर झटका टळतो. भक्षक पेशी कण किती वेगानं गिळतात, हे कॉम्प्लिमेंटपेक्षा महत्त्वाचं, असा त्यांचा दावा.

सेबेनींचं उत्तरही बिनतोड आहे. सगळ्या माणसांसाठी डुक्कर हा नमुना नाहीच. शंभरातल्या ज्या मोजक्यांना हा त्रास होतो, त्यांच्यासाठी तो नमुना आहे. उंदीर म्हणतो "सगळं ठीक", डुक्कर म्हणतं "सगळंच धोक्याचं". माणूस या दोघांच्या मधे कुठे तरी. वाद अजून मिटलेला नाही. पण हैदराबादची चूक टाळायची तर दोन्ही साक्षी ऐकाव्या लागतात, आणि प्रत्येक साक्षीदाराला काय दिसू शकतं आणि काय नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्या घरातला प्रश्न

हे मी घरी सांगत होतो तेव्हा फार्मसीला असलेल्या भाच्यानं विचारलं, "मामा, डुकरावर तपासलेलं औषध आपल्याला चालतं?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. औषधात डुकराचा अंश असणं हा एक प्रश्न आहे, आणि त्यावर उलेमांनी भरपूर चर्चा केली आहे. औषध डुकरावर तपासलं जाणं हा निराळा प्रश्न. तपासणीनं कुपीत काहीच उतरत नाही. उतरते ती माहिती.

मला यापेक्षा मोठा वाटतो तो दुसरा प्रश्न. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची आणि तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. ती नेपच्यूनला, निजामाच्या कुत्र्यांना, सेबेनींच्या डुकरांना लागू नाही का? आहे. जनावर हराम असलं म्हणून त्याच्या वेदनेचा हिशेब माफ होत नाही. आपल्या देशात 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. 2023 मध्ये औषधचाचणीच्या नियमांत बदल झाला. मानवी पेशी, चिपवर वाढवलेले अवयव अशा जनावराविना होणाऱ्या तपासण्यांनाही आता वाट मोकळी झाली आहे. कॉम्प्लिमेंट भडकतं का, हे तर माणसाच्याच रक्ताच्या नमुन्यात काचेच्या नळीत पाहता येतं. इब्न सीनाच्या इशाऱ्याकडे आपण कदाचित अशा वाटेनं परत चाललो आहोत. पारख माणसाची, पण माणसाला धोक्यात न घालता.

आणि शेवटची पारख खाटेशेजारीच होते. आपल्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडकडे गेले. विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्ररात्र बसून त्यांनी हृदय कसं खचतं ते टिपलं आणि प्राझोसिन या साध्या गोळीनं असंख्य जीव वाचवले. घोड्याच्या रक्तापासून बनणारी विंचवाची लस पुढे आली. तिच्याबरोबर घोड्याच्या प्रथिनांमुळे झटका येण्याची भीतीही आली, आणि तीही असंच शेजारी बसून ओळखावी लागते.

त्या रात्री मामूंना वाचवलं ते याच गुणानं. नर्स पहिली दहा मिनिटं खाटेपासून हलली नव्हती. जालन्याच्या गावोगावी आज गरोदर बायकांना रक्तवाढीसाठी लोहाची सलाईन लागते. आयर्न सुक्रोज म्हणजे साखरेच्या आवरणातले लोहाचे नॅनोकणच. जुन्या आयर्न डेक्स्ट्रानच्या मानानं झटका फार क्वचित, पण अशक्य नाही. म्हणून आपल्या लेकीसुनांना एवढं सांगून ठेवा. बाटली लागल्यावर पहिली काही मिनिटं छाती आवळली, श्वास लागला, पाठ दुखली, चेहरा तापला तर लाजू नका, लगेच सिस्टरला हाक मारा. बाटलीचा वेग स्वतः वाढवू नका, "लवकर संपवा, बस जाईल" म्हणू नका. आणि एकदा त्रास झाला म्हणून औषध नाकारूही नका. पुन्हा द्यायचं का, कसं द्यायचं, ते डॉक्टरांना ठरवू द्या. मामूंनी त्या रात्री नाकारलं असतं तर आज ते नसते.

मामू आता एका डोळ्यानं शेत पाहतात. परवा त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली. डुकराचं ऐकून आधी तोंड वाकडं केलं, मग थोडा वेळ गप्प बसले. म्हणाले, "त्या मुक्या जिवांचंही देणं आहे म्हणायचं आपल्यावर." आणि उठून गोठ्यातल्या म्हशीला पाणी दाखवायला गेले.